अ‍ॅबसॉर्ब: विरघळणाऱ्या स्टेंटची मधली तीन वर्षं

८ सप्टेंबर २०१७ रोजी अ‍ॅबट कंपनीने जाहीर केलं की हृदयाच्या अडलेल्या धमनीत ती उघडी राहावी म्हणून बसवायची जाळीची नळी, म्हणजे आपला विरघळणारा स्टेंट, अ‍ॅबसॉर्ब, ती जगभरात विकणं थांबवते आहे. त्याच महिन्यात विक्री बंद झाली. अमेरिकेत या स्टेंटला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली होती ५ जुलै २०१६ला, म्हणजे तिथे तो जेमतेम चौदा महिने टिकला. युरोपात आणि भारतात तो त्याआधी काही वर्षं वापरात होता. कंपनीने कारण दिलं ते कमी खपाचं. खप कमी होता हे खरं, पण तो का पडला याचं उत्तर त्याआधीच्या वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये आहे. या प्रकरणाची मांडणी त्यासाठीच.

शरीरात विरघळणाऱ्या वस्तू वैद्यकात नवीन नाहीत. कृत्रिम पॉलिमरचे विरघळणारे टाके १९७० च्या दशकापासून वापरले जातात आणि आता तर बाळंतपणाच्या टाक्यांपासून पोटाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळीकडे असतात. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत विरघळणारे स्क्रू बसवतात. तेव्हा 'विरघळणारं म्हणजे संशयास्पद' असं म्हणायला काहीच आधार नाही. प्रश्न असा आहे की जे रसायन टाक्यात आणि स्क्रूमध्ये गुण्यागोविंदाने नांदतं, ते तीन मिलिमीटरच्या धमनीत गेल्यावर नेमकं काय बिघडलं?

माझं म्हणणं आधीच सांगतो. विरघळणाऱ्या प्रत्येक इम्प्लांटचे तीन काळ असतात. पहिल्यात ते मजबूत असतं. तिसऱ्यात ते नसतंच. मधल्या काळात ते असतं, पण त्याच्यात जोर उरलेला नसतो. अ‍ॅबसॉर्बच्या बाबतीत डॉक्टरांना आणि रुग्णांना पहिला आणि तिसरा काळ दाखवला गेला. मधल्या काळाची चौकशी पुरेशी झाली नाही, आणि बाजारात आणण्याची परवानगी देणाऱ्या चाचण्यांची रचनाही तो काळ पकडणारी नव्हती.

कल्पना कुठून आली

अडलेली धमनी फुग्याने उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला केला. फुगा काढल्यावर धमनी पुन्हा आखडायची, म्हणून १९८६ पासून धातूची जाळी आली. जाळीच्या आत पेशी वाढून ती पुन्हा अरुंद व्हायची, म्हणून २००० नंतर औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. त्यांनी तो प्रश्न बराच सोडवला, पण २००६ मध्ये बार्सिलोनाच्या युरोपियन हृदयरोग परिषदेत वेगळीच भीती पुढे आली. या लेपवाल्या स्टेंटमध्ये वर्षा-दोन वर्षांनी अचानक रक्ताची गुठळी होते, आणि ती झाली की रुग्णाला मोठा हार्ट अ‍ॅटॅक येतो. धातू आणि त्यावरचा लेप आयुष्यभर आत राहतो, धमनीची भिंत नीट भरून येत नाही, असं तेव्हाच्या तपासण्यांमध्ये दिसत होतं.

मग विचार सरळ होता. अँजिओप्लास्टीनंतर धमनीला आधार लागतो तो पहिले काही महिने. त्यानंतर आधाराची गरज नसेल, तर तो निघून का जाऊ नये? तो गेला तर धमनी पुन्हा आकुंचन-प्रसरण करू लागेल, पुढे बायपास करायची वेळ आली तर सर्जनला धातूच्या नळीची अडचण होणार नाही, आणि गुठळी व्हायला आत परकं काही उरणारच नाही. जपानमध्ये इगाकी आणि तामाई यांच्या नावाने ओळखला जाणारा असा स्टेंट १९९० च्या दशकाच्या अखेरीसच माणसात बसवला गेला होता. त्याच्या पहिल्या पंधरा रुग्णांचा अहवाल २००० मध्ये आला. तो फुगवायला गरम केलेलं कॉन्ट्रास्ट द्रव्य (एक्स-रेत दिसणारा द्रव) वापरावं लागे, त्यामुळे तो फार पसरला नाही.

अ‍ॅबसॉर्बची सुरुवात गायडंट कंपनीच्या एका उपकंपनीत झाली. २००६ मध्ये गायडंटचा रक्तवाहिन्यांचा विभाग अ‍ॅबटने घेतला आणि त्याच वर्षी तीस रुग्णांची पहिली चाचणी सुरू झाली. दोन वर्षांचे निकाल अतिशय उत्साहवर्धक होते. एकाही रुग्णाच्या स्टेंटमध्ये गुठळी नव्हती. पण हे तीस रुग्ण निवडलेले होते, एकच साधं ब्लॉकेज असलेले. शेकड्यात दोन-तीन जणांना होणारी गोष्ट तीस जणांत दिसेलच असं नसतं.

तारा जाड का होत्या

अ‍ॅबसॉर्बचा सांगाडा पॉली-एल-लॅक्टिक आम्लाचा. लॅक्टिक आम्लाचे हजारो रेणू एकमेकांना जोडून बनलेली ही साखळी. ऊतींमधलं पाणी तिच्यात शिरतं आणि साखळी जागोजाग तोडत राहतं. तुकडे लहान होत होत शेवटी लॅक्टिक आम्ल उरतं, ते पेशी वापरतात आणि त्याचं कार्बन डायऑक्साइड व पाणी होतं. विषारी असं यात काही नाही. धावताना आपल्या स्नायूंत तयार होतं तेच हे आम्ल.

अडचण ताकदीची होती. स्टेंटच्या धातूचा, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमचा, कडकपणा २३० ते २४० गिगापास्कल असतो आणि या पॉलिमरचा ३ च्या आसपास. तोच आधार द्यायचा तर तारा जाड करण्यावाचून गत्यंतर नाही. अ‍ॅबटचाच धातूचा स्टेंट, झायन्स, याच्या तारा ८१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अ‍ॅबसॉर्बच्या १५० हून जास्त, जवळजवळ दुप्पट, आणि रुंदही. झायन्सने धमनीच्या भिंतीचा साधारण आठवा भाग झाकला जाई, अ‍ॅबसॉर्बने चौथ्या भागाहून थोडा जास्त.

मोठ्या धमनीत एवढ्या फरकाने फार बिघडत नाही. दोन-सव्वादोन मिलिमीटरच्या धमनीत मात्र तीच जाडी वाट अडवते. चौकोनी कडा असलेल्या उंच तारेच्या मागे रक्ताचा प्रवाह मंदावतो, भोवरे तयार होतात, आणि गुठळी सुरू करणाऱ्या प्लेटलेट्सना तिथे मुक्काम करायला जागा मिळते. शिवाय हे पॉलिमर धातूसारखं ताणता येत नाही. ठरलेल्या मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फुगवलं तर तार तडकते. म्हणून कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, फुग्यातला दाब टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वाढवायचा आणि पूर्ण फुगल्यावर काही वेळ तसाच धरून ठेवायचा अशी सूचना होती. धातूचा स्टेंट लहान बसला तर मोठ्या फुग्याने पुन्हा फुगवून चूक सुधारता येते. इथे ती मुभा फार थोडी होती.

चाचण्यांनी काय सांगितलं, आणि केव्हा

अमेरिकेची मान्यता ज्या चाचणीवर मिळाली ती अ‍ॅबसॉर्ब-३. रुग्ण २००८, त्यातल्या १३२२ जणांना अ‍ॅबसॉर्ब, ६८६ जणांना झायन्स. निकाल ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीमुळे अ‍ॅटॅक किंवा पुन्हा उपचाराची गरज, यांपैकी काहीतरी अ‍ॅबसॉर्बच्या ७.८ टक्के आणि झायन्सच्या ६.१ टक्के रुग्णांत घडलं. आधी ठरवलेल्या मर्यादेत हा फरक बसत होता, म्हणून 'नवं उपकरण जुन्यापेक्षा फार वाईट नाही' एवढं सिद्ध झालं. गुठळीचं प्रमाण १.५ टक्के विरुद्ध ०.७ टक्के होतं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगाचा असू शकत होता, पण दुप्पट तो होताच. सव्वादोन मिलिमीटरपेक्षा लहान धमन्यांत तर ४.६ टक्के विरुद्ध १.५ टक्के.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्या उपकरणाचा फायदा तीन वर्षांनंतर सुरू होणार, त्याचा निवाडा एका वर्षाच्या आकड्यांवर केला गेला. पहिल्या वर्षात अ‍ॅबसॉर्ब आपला कोणताही विशेष गुण दाखवू शकत नव्हता, तो तेव्हा फक्त एक जाड तारांचा स्टेंट होता. 'आज थोडा कमी, पण उद्या बरा' या भरवशावर त्याला पुढे जाऊ दिलं. मान्यतेसोबत रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवण्याची अट होती, आणि ती अट होती म्हणूनच पुढचं सगळं कळलं. त्या अटीचं श्रेय एफडीएला द्यायला हवं. पण विक्री त्या उत्तराची वाट पाहत थांबलेली नव्हती.

उत्तर वर्षभरातच येऊ लागलं. अ‍ॅबसॉर्ब-२ ही युरोप आणि न्यूझीलंडमधली ५०१ रुग्णांची चाचणी तीन वर्षांनी धमनी प्रत्यक्ष मोजण्यासाठी आखली होती. २०१६ च्या शरद ऋतूत तिचा निकाल आला आणि अ‍ॅबसॉर्बच्या मूळ वचनालाच धक्का बसला. नायट्रेट हे धमनी सैल करणारं औषध दिल्यावर धमनी किती पसरते हे मोजलं, तर अ‍ॅबसॉर्बमध्ये ती ०.०४७ मिलिमीटर पसरली आणि धातूच्या झायन्समध्ये ०.०५६. मोकळी झालेली धमनी बांधलेल्या धमनीपेक्षा जास्त हलायला हवी होती, ती हलली नाही. त्याच अहवालात गुठळ्यांचा आकडा होता: अ‍ॅबसॉर्बमध्ये सुमारे ३ टक्के, झायन्समध्ये शून्य. आणि सहा रुग्णांत गुठळी झाली होती एक वर्ष उलटून गेल्यावर, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक बहुधा बंद झालेली असते.

मार्च २०१७ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एफडीएने डॉक्टरांना पत्र काढलं की अ‍ॅबसॉर्ब-३ च्या दोन वर्षांच्या आकड्यांत गंभीर घटना ११ टक्के विरुद्ध ७.९ टक्के दिसत आहेत, लहान धमन्यांत हे उपकरण वापरू नका. आणि अ‍ॅमस्टरडॅमहून चाललेल्या आयडा चाचणीचा निकाल ठरल्यापेक्षा लवकर प्रसिद्ध झाला, कारण तिच्या सुरक्षा समितीला आकडे पाहून आणखी वाट बघणं योग्य वाटलं नाही. आयडात १८४५ रुग्ण होते, आणि ते निवडून घेतलेले साधे रुग्ण नव्हते. रोज कॅथलॅबमध्ये येतात तसे, ताजा अ‍ॅटॅक आलेले, गुंतागुंतीचे ब्लॉकेज असलेले. दोन वर्षांत गुठळी ३.५ टक्के विरुद्ध ०.९ टक्के. जवळजवळ चौपट. युरोपात लगेच वापरावर बंधनं आली आणि सप्टेंबरात विक्रीच थांबली.

धमनीच्या आत काय दिसलं

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो ओसीटी चित्रांचा. ओसीटी म्हणजे धमनीत बारीक तंतू घालून प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेली छेदचित्रं. धातूची तार यात पांढरी चमकते आणि तिच्यामागे सावली पडते. अ‍ॅबसॉर्बची तार पारदर्शक, त्यामुळे ती दिसते उजळ चौकटीच्या काळ्या चौकोनी पेटीसारखी, आणि तिच्यामागची भिंतही दिसते. नुकत्याच बसवलेल्या स्टेंटमध्ये अशा पेट्या भिंतीला चिकटून गोलाकार मांडलेल्या असतात. सहा महिने ते वर्षभरात त्यांच्यावर पेशींचा पातळ थर चढतो. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर नंतरच्या चित्रांत पेट्या पुसट होत भिंतीत मिसळतात.

एक वर्षानंतर ज्यांना गुठळी झाली अशा रुग्णांच्या चित्रांत वेगळं दिसलं. बऱ्याच जणांत, एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत तर चाळीस टक्क्यांहून जास्त प्रकरणांत, काही पेट्या भिंतीपासून सुटून रक्ताच्या वाटेत आल्या होत्या. एकावर एक चढलेल्या, काही मधोमध लोंबणाऱ्या. स्टेंटची जाळी तुटली होती. तुटणं हे रचनेतच होतं, विरघळणाऱ्या वस्तूने तुटायलाच हवं. पण ती तुटण्याआधी प्रत्येक तार भिंतीत पुरली गेलेली असणं गरजेचं होतं. जी तार सुरुवातीपासून भिंतीला टेकलीच नाही, तिच्यावर पेशींचं आवरण चढलं नाही, आणि जोडणी सुटल्यावर ती थेट प्रवाहात आली.

बांधकामात स्लॅबचं सेंटरिंग काढतात ते स्लॅब घट्ट झाल्यावर, आणि काढलेली फळी तिथे ठेवत नाहीत. अ‍ॅबसॉर्बचं सेंटरिंग एकदम निघत नव्हतं. सहा महिन्यांनंतर त्याची ताकद कमी होत जाई, पण वस्तुमान पूर्ण जायला तीन वर्षं लागत. दरम्यानच्या दीड-दोन वर्षांत आधार देऊ न शकणारी, पण गुठळी ओढून घेऊ शकणारी वस्तू धमनीत पडून राही. टाक्याचा तुकडा स्नायूत असा पडून राहिला तर काही बिघडत नाही. स्क्रू हाडाने सगळ्या बाजूंनी धरलेला असतो. धमनीत मात्र सुटलेल्या तुकड्यासमोर अखंड वाहणारं रक्त आहे.

पाच वर्षांच्या आकड्यांनीही हेच दाखवलं. अ‍ॅबसॉर्ब-३ मध्ये तीन वर्षांपर्यंत गुठळीचं प्रमाण २.३ टक्के विरुद्ध ०.७ टक्के होतं. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान विरघळणाऱ्या स्टेंटच्या गटात ते ०.१ टक्क्याच्या आसपास आलं. म्हणजे स्टेंट खरोखर गेला आणि त्याच्याबरोबर जास्तीचा धोकाही गेला. तिसऱ्या काळाबद्दलचं वचन त्या अर्थाने खोटं नव्हतं. पण तिथवर पोहोचताना जे रुग्ण गमावले त्यांची भरपाई होईल असा फायदाही पुढच्या दोन वर्षांत दिसला नाही.

डॉक्टरांचं तंत्र की उपकरणाचा दोष?

हा वाद अजून संपलेला नाही. अ‍ॅबसॉर्बच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की हात बसलेला नव्हता. आधी ब्लॉकेज नीट मोकळं करा, धमनीचं माप अचूक घ्या, बसवल्यावर जास्त दाबाच्या फुग्याने पुन्हा दाबा. हे केलं तर निकाल सुधारतात. अ‍ॅबसॉर्ब-४ मध्ये २६०४ रुग्णांवर हे पाहिलं गेलं आणि फार लहान धमन्या टाळल्या. सुधारणा झालीच. पाच वर्षांत गुठळी १.७ टक्के विरुद्ध १.१ टक्के, म्हणजे अंतर बरंच कमी झालं. तरी एकूण घटना १७.५ टक्के विरुद्ध १४.५ टक्के राहिल्या.

मला हा बचाव अपुरा वाटतो. निवडक केंद्रांत, निवडक धमन्यांत, जास्त वेळ देऊन काम केल्यावरही जे मागे राहतं, ते रात्री दोन वाजता अ‍ॅटॅक घेऊन आलेल्या रुग्णात कसं वागेल हे आयडाने दाखवलंच होतं. आणि आणखी एक गोष्ट अ‍ॅबसॉर्बच्या विरुद्ध गेली, जिच्यात त्याचा दोष नव्हता. तो आखला गेला २००६ च्या स्टेंटशी स्पर्धा करायला. तो बाजारात येईपर्यंत धातूचे स्टेंट पातळ तारांचे, चांगल्या लेपाचे झाले होते आणि ज्या उशिराच्या गुठळीच्या भीतीतून ही कल्पना जन्मली, ती भीती त्यांनी बरीच आटोक्यात आणली होती.

भारतातली किंमत

आपल्याकडे अ‍ॅबसॉर्बची विक्री 'काम झाल्यावर निघून जाणारा स्टेंट' म्हणून झाली आणि तो दीड-दोन लाखांच्या घरात जाई. तरुण रुग्णाच्या नातेवाइकांना कॅथलॅबबाहेर पाच-दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो. 'आयुष्यभर आत लोखंड राहणार नाही' हे वाक्य त्या वेळी फार जड पडतं. कर्ज काढून, दागिने मोडून माणसं महागातला पर्याय घेतात, कारण महाग म्हणजे चांगलं असं त्यांना वाटतं आणि त्या क्षणी तसं नाही हे सांगणारं कोणी नसतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: साधा धातूचा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. विरघळणारे स्टेंटही या दुसऱ्याच गटात टाकले. त्यांना वेगळा, चढा दर मिळावा म्हणून कंपन्यांनी बरीच धडपड केली. नवीन संशोधनाचा मोबदला मिळाला नाही तर नवी उपकरणं देशात येणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. पण चढा दर मागायचा तर चढा फायदा दाखवायला हवा, आणि त्याच सुमारास आलेले आकडे उलट दिशेने बोट दाखवत होते.

पुढे काय झालं

कल्पना मेली नाही. वापीच्या मेरिल कंपनीने १०० मायक्रॉन तारांचा मेरेस-१०० बनवला आणि त्याची पहिली चाचणी भारतातल्याच १०८ रुग्णांवर झाली. जर्मनीच्या बायोट्रॉनिकने मॅग्नेशियमचा मार्ग धरला. मॅग्नेशियम साधारण वर्षभरात बहुतेक विरघळतं, त्यामुळे मधला काळ आखूड होतो. पण आधारही लवकर सुटतो, हे विसरता येत नाही.

सर्वांत समंजस पाऊल मला अ‍ॅबटच्याच पुढच्या उपकरणात दिसतं. एस्प्रिट बीटीके हा ९९ मायक्रॉनचा विरघळणारा स्टेंट एप्रिल २०२४ मध्ये एफडीएने मान्य केला, पण हृदयासाठी नाही, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी. पाय काळा पडून तो कापायची वेळ आलेले रुग्ण इथे असतात, त्यात मधुमेही पुष्कळ. २६१ रुग्णांच्या चाचणीत पाय वाचून धमनी उघडी राहण्याचं प्रमाण वर्षभरात ७४ टक्के निघालं, नुसता फुगा मारलेल्यांत ४४ टक्के. फरक नीट पाहा. हृदयात समोर झायन्ससारखा उत्तम धातूचा स्टेंट होता. गुडघ्याखाली मान्यता मिळालेला धातूचा स्टेंटच नव्हता, तुलना फक्त फुग्याशी होती. तीन वर्षांनंतरच्या फायद्याची आशा दाखवावी लागली नाही. पहिल्या वर्षातच उपयोग दिसला.

ज्यांच्यात अ‍ॅबसॉर्ब बसवला आहे त्यांच्यासाठी

२०१२ ते २०१७ या काळात अँजिओप्लास्टी झाली असेल आणि डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅबसॉर्ब' किंवा 'बीव्हीएस' लिहिलेलं असेल, तर तो स्टेंट आता विरघळून गेलेला आहे. एक्स-रेत दिसतील ते फक्त दोन्ही टोकांचे प्लॅटिनमचे बारीक ठिपके. जास्तीच्या धोक्याचा काळ संपला आहे आणि काढून टाकण्यासारखं आत काही नाही. मूळ हृदयविकार मात्र तसाच आहे, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी 'स्टेंट तर गेला' म्हणून मनाने बंद करू नये. छातीत दुखायला लागलं आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात, तर कोणता स्टेंट कुठल्या धमनीत बसवला होता हे कार्डासह सांगावं. धातू नसल्यामुळे ती जागा सीटी अँजिओग्राफीत स्वच्छ दिसते, आणि कॅथेटर घालण्याआधी त्या तपासणीचा विचार डॉक्टरांना करता येतो.